रिकर्सिव्ह फंक्शन अडकते, कोसळते किंवा चुकीचे उत्तर देते: दोष कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधावा

लक्षणे

पदविकेच्या विद्यार्थ्यांना मी सी आणि पायथन शिकवते. दर सत्रात रिकर्शनचा, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याचा (कॉल करण्याचा), आठवडा आला की प्रॅक्टिकलच्या तासाला एकामागून एक हात वर होऊ लागतात, पण तक्रारी मात्र ठरलेल्या पाच-सहाच असतात. पायथनमध्ये "मॅक्सिमम रिकर्शन डेप्थ एक्सीडेड" असा संदेश येतो आणि त्याच्या वर एकच ओळ शेकडो वेळा आल्याची नोंद दिसते. लिनक्सवर सीचा प्रोग्रॅम "सेग्मेंटेशन फॉल्ट" एवढे दोन शब्द छापून बंद पडतो, तर जावामध्ये तोच दोष "स्टॅकओव्हरफ्लोएरर" या नावाने समोर येतो. काही वेळा काहीच कोसळत नाही; दहापर्यंतच्या संख्यांना उत्तर लगेच येते, पण चाळीस दिले की पडदा रिकामाच राहतो आणि लॅपटॉपचा पंखा जोरात फिरू लागतो. पायथनमध्ये उत्तराच्या जागी "नन" (म्हणजे काहीच नाही) छापले जाणे, अंक उलट्या क्रमाने येणे, पहिल्यांदा चालवल्यावर बरोबर आलेले उत्तर दुसऱ्यांदा चुकणे, किंवा सगळे पर्याय गोळा करायला लिहिलेल्या प्रोग्रॅमने शेवटी नुसत्या रिकाम्या याद्या दाखवणे, ही उरलेली लक्षणे.

यांपैकी कोणतेही लक्षण दिसले, तरी पूर्ण फंक्शन पुसून नव्याने लिहायला घेऊ नये. पुढे दिलेल्या तपासण्या सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या आहेत आणि माझ्या अनुभवात बहुतेकांचा दोष पहिल्या तीन-चार तपासण्यांतच सापडतो.

एक उदाहरण हाताशी ठेवू

समजावताना मी फॅक्टोरियलऐवजी (एकपासून त्या संख्येपर्यंतच्या सर्व संख्यांचा गुणाकार) मात्रावृत्ताचे उदाहरण घेते, कारण लघु आणि गुरू सगळ्यांनी शाळेत मराठीच्या तासाला मोजलेले असतात. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. तर चार मात्रांची ओळ लघु-गुरूंच्या किती वेगवेगळ्या मांडण्यांनी भरता येईल? शेवटचे अक्षर लघु असेल तर त्याच्या आधीच्या तीन मात्रा भरायच्या उरतात, गुरू असेल तर दोन. म्हणून चार मात्रांचे उत्तर म्हणजे तीन मात्रांचे उत्तर अधिक दोन मात्रांचे उत्तर. एक मात्रा एकाच प्रकारे भरते आणि शून्य मात्राही एकाच प्रकारे, म्हणजे काहीही न लिहून. या हिशेबाने उत्तरे १, २, ३, ५, ८, १३ अशी वाढत जातात. जगभर ही मालिका फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते. त्याचा ग्रंथ १२०२ सालचा आहे, पण आपल्याकडे छंदशास्त्राच्या अभ्यासात विरहांकाने आणि पुढे बाराव्या शतकात हेमचंद्राने हाच नियम त्याच्या आधी मांडला होता. पायथन ३मध्ये फंक्शनचे नाव देवनागरीत ठेवता येते, त्यामुळे या फंक्शनला मी खरोखरच "मात्रा" हेच नाव देते.

पहिली तपासणी: लहानात लहान इनपुट

फंक्शनला शून्य, एक, दोन आणि तीन एवढेच देऊन पाहावे आणि प्रत्येक उत्तर आधी कागदावर काढून ठेवावे. याला पैसा लागत नाही, फार तर दोन मिनिटे जातात, आणि दोष थांबण्याच्या अटीत आहे की पुढच्या पायरीत हे लगेच कळते. शून्यालाच प्रोग्रॅम कोसळत असेल तर थांबण्याची अट, म्हणजे बेस केस, चुकली आहे. शून्य आणि एक बरोबर येऊन दोनला कोसळत असेल तर पुढच्या कॉलला दिलेली किंमत चुकली आहे.

मात्रांच्या उदाहरणात एक चूक फार वेळा दिसते. शून्य मात्रांचे उत्तर शून्य असे लिहिले जाते, कारण ते मनाला पटते. मग दोन मात्रांना १ आणि तीन मात्रांना २ असे उत्तर येते. प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो, आकडेही ओळखीचे दिसतात, पण सगळे एक घर मागे सरकलेले असतात. कागदावर तीन मात्रांच्या मांडण्या लिहिल्या, लघु-लघु-लघु, लघु-गुरू आणि गुरू-लघु, की त्या तीन आहेत हे डोळ्यांना दिसते आणि चूक उघडी पडते.

येथेच आणखी एक गोष्ट वेगळी काढून ठेवावी. सीमध्ये फॅक्टोरियल १२पर्यंत बरोबर आणि १३ला चुकीचे येत असेल, तर रिकर्शनचा त्यात काही दोष नाही. १२चे फॅक्टोरियल ४७,९०,०१,६०० आहे आणि ३२ बिटांच्या इंट या पूर्णांकाच्या प्रकारात २,१४,७४,८३,६४७पर्यंतच मावते. १३चे फॅक्टोरियल सहाशे कोटींच्या पुढे जाते. टर्बो सी या जुन्या कंपायलरमध्ये इंट १६ बिटांचा असल्यामुळे हाच प्रकार ८लाच होतो आणि ४०३२०ऐवजी उणे २५२१६ छापले जाते. असे असल्यास व्हेरिएबलचा प्रकार बदलावा, फंक्शनला हात लावू नये.

दुसरी तपासणी: रिटर्न लिहिले आहे का

पायथनमध्ये "नन" आले की नव्वद ओळी वाचण्याआधी फक्त एवढेच पाहावे की फंक्शनच्या प्रत्येक वाटेवर रिटर्न, म्हणजे उत्तर परत देणारी सूचना, आहे का. बेस केसमध्ये रिटर्न असते, पण रिकर्सिव्ह कॉलच्या ओळीवर नुसते फंक्शनचे नाव लिहिलेले असते. विद्यार्थ्याची समजूत अशी असते की सगळ्यांत आतल्या कॉलने उत्तर परत दिले म्हणजे ते थेट बाहेर येईल. तसे होत नाही. आतला कॉल उत्तर देतो ते फक्त ज्याने त्याला बोलावले त्याला. त्याने ते स्वतः वर पाठवले नाही तर उत्तर तिथेच सांडते. झाडासारख्या रचनेत एखादी संख्या शोधणाऱ्या फंक्शनमध्ये ही चूक हमखास असते: संख्या सापडते, आत "सापडली" असे छापलेही जाते, आणि बाहेर मात्र काहीच पोहोचत नाही.

सीमध्ये हीच चूक अधिक फसवी असते, कारण रिटर्न विसरले तरी योगायोगाने योग्य वाटणारी किंमत परत येऊ शकते आणि दुसऱ्या संगणकावर ती बदलते. जीसीसी हा सीचा कंपायलर वापरत असाल तर सगळ्या सूचना दाखवणारा "वॉल" हा पर्याय लावून कंपाइल करावे. राहिलेल्या रिटर्नची सूचना तो स्वतः देतो.

तिसरी तपासणी: थांबण्याच्या अटीपर्यंत पोहोचता येते का

बेस केस लिहिलेला असणे पुरेसे नाही. तो रिकर्सिव्ह कॉलच्या आधी असला पाहिजे, नाहीतर त्याची पाळीच येत नाही. शिवाय किंमत त्याला चुकवून पुढे निघून जाता कामा नये. मात्रांच्या फंक्शनमध्ये दोन कमी करणारा कॉल आहे. बेस केस फक्त शून्यासाठी ठेवला तर एकमधून दोन गेल्यावर उणे एक येते, मग उणे तीन, आणि शून्य कायमचे मागे राहते. एका पायरीत किंमत जितकी कमी होते तितके बेस केस हवेत, किंवा "शून्याइतके" ऐवजी "शून्य वा त्याहून कमी" अशी अट हवी.

अपूर्णांकांच्या बाबतीत मी अधिक सावध असते. एकमधून ०.१ दहा वेळा वजा केल्यावर संगणकाला शून्य मिळत नाही, कारण ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही आणि शेवटी अत्यंत लहान असा धन अवशेष उरतो. "शून्याबरोबर आहे का" असे विचारणारा बेस केस तो ओलांडून जातो. अपूर्णांकावर रिकर्शन थांबवायचे असेल तर अट लहान-मोठेपणाची असावी.

चौथी तपासणी: पुढचा कॉल खरोखर लहान झाला आहे का

सीमध्ये सर्वाधिक वेळ खाणारा दोष दोन उणे चिन्हांचा आहे. विद्यार्थी पुढच्या कॉलला "एन - १" देण्याऐवजी "एन--" देतात. वाचताना दोन्ही सारखेच वाटते, परंतु "एन--"चा अर्थ आधी आहे तीच किंमत वापरायची आणि मग एकाने कमी करायची असा आहे. त्यामुळे पाचने बोलावलेल्या फंक्शनला पुन्हा पाचच मिळतात, त्याच्या पुढच्यालाही पाचच, आणि कमी झालेली किंमत ज्याच्याकडे आहे तो कॉल परत येणाऱ्या उत्तराची वाट पाहत थांबलेला असतो. एकदा एका विद्यार्थिनीसोबत मी या एका ओळीपुढे वीस मिनिटे बसले होते. बेस केस बरोबर, रिटर्न बरोबर, आणि दोष मात्र दोन आडव्या रेघांत.

दुसरी जागा बायनरी सर्चची, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीचे दर वेळी दोन भाग करून शोधण्याची. खालची सीमा ३ आणि वरची ४ असेल तर पूर्णांकी भागाकाराने मध्य ३ येतो. उजव्या अर्ध्यात जाताना खालची सीमा "मध्य" अशी दिली तर पुन्हा ३ आणि ४च मिळतात. ती "मध्य अधिक एक" असली पाहिजे. मोठ्या यादीवर हा दोष लगेच दिसत नाही, दोनच घटक उरल्यावर दिसतो. म्हणून पहिल्या तपासणीत दोन घटकांची यादी देऊन पाहणे उपयोगी पडते.

पाचवी तपासणी: जाताना आणि परतताना छापणे

येथपर्यंत दोष सापडला नाही तर अंदाज थांबवावा आणि फंक्शनलाच बोलू द्यावे. फंक्शनच्या पहिल्या ओळीवर आणि प्रत्येक रिटर्नच्या आधी एक प्रिंट घालावे, आणि आपण किती कॉल आत आहोत त्या खोलीचा एक जादा पॅरामीटर देऊन तितकी जागा डावीकडे सोडावी. मात्रा(३) असे दिसते:

मात्रा(३) आत
— मात्रा(२) आत
— — मात्रा(१) आत
— — मात्रा(१) बाहेर, उत्तर १
— — मात्रा(०) आत
— — मात्रा(०) बाहेर, उत्तर १
— मात्रा(२) बाहेर, उत्तर २
— मात्रा(१) आत
— मात्रा(१) बाहेर, उत्तर १
मात्रा(३) बाहेर, उत्तर ३

हा दहा ओळींचा कागद मी वर्गात सर्वांत जास्त वेळ समोर ठेवते. त्यात दिसते की मात्रा(३) पहिल्या ओळीला आत जाऊन दहाव्या ओळीला बाहेर पडते आणि मधल्या सगळ्या काळात ती संपलेली नसून थांबलेली असते. तिची संख्या तीनच राहते, खालच्या कॉलमध्ये ती एक झाली म्हणून वरची बदलत नाही. प्रत्येक कॉलला व्हेरिएबलांची स्वतःची प्रत मिळते आणि त्या प्रती स्टॅक या मेमरीतल्या जागेवर एकावर एक रचल्या जातात. शेवटी ठेवलेली आधी निघते. मात्रा(१) दोनदा आत गेलेली आहे, तीही एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन वेगळ्या वेळा. रिकर्शन "समजत नाही" म्हणणाऱ्या बहुतेकांना हेच कोणी दाखवलेले नसते.

आपल्या छापील ओळींत "आत" पुष्कळ आणि "बाहेर" एकही नसेल तर तिसऱ्या किंवा चौथ्या तपासणीकडे परत जावे. "बाहेर" येते पण उत्तर रिकामे असेल तर दुसऱ्या तपासणीकडे. सीमध्ये मात्र छापलेल्या प्रत्येक ओळीनंतर बफर (छापण्याआधी मजकूर साठवणारी जागा) रिकामे करायला विसरू नये, नाहीतर प्रोग्रॅम कोसळताना शेवटच्या ओळी पडद्यावर पोहोचत नाहीत आणि आपण भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

उलट्या क्रमाचा दोषही येथेच सुटतो. १३चे बायनरी रूप ११०१ आहे. बाकी आधी छापून मग अर्ध्या संख्येसाठी कॉल केला तर १०११ येते; कॉल आधी आणि छपाई नंतर ठेवली तर ११०१ येते. कॉलच्या आधी लिहिलेले काम जाताना होते, नंतर लिहिलेले काम परतताना होते, आणि परतीचा क्रम उलटा असतो. एक ओळ खाली सरकवणे एवढीच दुरुस्ती.

सहावी तपासणी: दोन कॉल एकाच वस्तूला हात लावतात का

वर प्रत्येक कॉलची प्रत वेगळी असते असे म्हटले, पण त्याला महत्त्वाचा अपवाद आहे. ग्लोबल, म्हणजे फंक्शनच्या बाहेर घोषित केलेले, व्हेरिएबल सर्वांचे एकच असते. पायथनमध्ये पॅरामीटरची डिफॉल्ट किंमत म्हणून रिकामी यादी लिहिली तर ती यादी फंक्शन तयार होताना एकदाच बनते आणि पुढच्या प्रत्येक वापरात तीच हाती येते. पहिल्यांदा बरोबर आणि दुसऱ्यांदा जुन्या उत्तरांसकट, हे लक्षण त्याचेच. डिफॉल्ट "नन" ठेवावे आणि आत नवी यादी करावी.

चार मात्रांच्या सर्व मांडण्या गोळा करताना एकाच यादीत लघु किंवा गुरू घालतात, कॉल करतात आणि परतल्यावर शेवटचा काढून टाकतात. काढायला विसरले तर पुढच्या मांडण्यांत मागचा कचरा राहतो. आणि काढायला न विसरता, उत्तरांत ती यादी तशीच ठेवली तर शेवटी पाच रिकाम्या याद्या दिसतात, कारण पाचही ठिकाणी एकच यादी आहे आणि ती आता रिकामी झाली आहे. ठेवताना तिची नक्कल ठेवावी.

सातवी तपासणी: तेच काम पुन्हा पुन्हा होते का

लहान संख्यांना बरोबर, मोठ्यांना अनंत प्रतीक्षा, असे असेल तर कॉल मोजावेत. मात्रांच्या फंक्शनला लागणारे एकूण कॉल म्हणजे उत्तराच्या दुपटीहून एक कमी. पाच मात्रांना १५ कॉल. तीस मात्रांना २६,९२,५३७. चाळीसला ३३,११,६०,२८१. फंक्शन अडकलेले नाही, ते प्रामाणिकपणे तेहतीस कोटी वेळा तेच हिशेब करते आहे. एकदा काढलेले उत्तर टिपून ठेवले की चाळीस मात्रांसाठी फक्त एकेचाळीस वेगळी उत्तरे काढावी लागतात. पायथनमध्ये त्यासाठी फंकटूल्समधील एल-आर-यू कॅश ही एक ओळ फंक्शनच्या डोक्यावर लावली तरी चालते, पण पहिल्या वेळी टिपण स्वतः लिहावे असे माझे ठाम मत आहे, कारण किती काम वाचले ते हाताने केल्याशिवाय पटत नाही. हनोईच्या मनोऱ्याला, म्हणजे चकत्या एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर नेण्याच्या कोड्याला, मात्र हा उपाय लागू नाही. तिथे चकत्या हलवण्याच्या पायऱ्याच दोनाच्या घाताइतक्या वाढतात आणि त्या प्रत्यक्ष छापायच्याच असतात.

आठवी तपासणी: खोली खरोखरच जास्त आहे का

फंक्शन बरोबर आहे, इनपुट मोठे आहे आणि तरीही कोसळते, ही शक्यता शेवटी ठेवण्याचे कारण असे की विद्यार्थी ती सर्वांत आधी गृहीत धरतात. पायथनची मर्यादा मुळात १००० कॉलांची असते आणि ती एका ओळीत वाढवता येते. इंटरनेटवर तोच उपाय प्रथम सापडतो. बेस केस चुकलेल्या फंक्शनची मर्यादा वाढवली तर तो दोष जात नाही, फक्त उशिरा आणि अधिक जोरात कोसळतो, कधी संदेशही न देता.

सीमध्ये मर्यादा कॉलांची नसून जागेची असते. लिनक्सवर मुख्य स्टॅक साधारणपणे ८ एमबीचा असतो, विंडोजवर १ एमबीचा. फंक्शनच्या आत दहा हजार इंटचा ॲरे घोषित केला असेल तर एका कॉलला ४०,००० बाइट लागतात. म्हणजे लिनक्सवर दोनशेच्या थोडे पुढे आणि विंडोजवर जेमतेम सव्वीस कॉलांत स्टॅक भरतो. तो ॲरे बाहेरून पॉइंटरने (नुसत्या पत्त्याने) दिला की त्याच प्रोग्रॅमला हजारो कॉल सहज पेलतात. एवढे करूनही खोली लाखांत जात असेल तर लूप वापरावा किंवा आपला स्टॅक यादीत स्वतः सांभाळावा. शेवटची ओळ रिकर्सिव्ह कॉलची ठेवली की पायथन आपोआप त्याचा लूप करील अशी आशा ठेवू नये. तो तसे करत नाही.

फोल्डर, आलेख किंवा "कोण कोणाच्या हाताखाली" अशी माहिती असेल तर ती स्वतःकडेच वळत नाही ना, हेही पाहावे. एखादी लिंक आपल्याच वरच्या फोल्डरकडे दाखवत असेल तर फंक्शन निर्दोष असूनही कधी थांबणार नाही. भेट दिलेल्या जागांची नोंद ठेवणे हाच त्यावर उपाय.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या सरावाच्या प्रोग्रॅमवर हवे तितके प्रयोग करावेत. पण फंक्शन फाइली किंवा फोल्डर पुसणारे असेल, तर थांबण्याच्या अटीविषयी तिळमात्र शंका असताना ते खऱ्या माहितीवर चालवू नये. आधी नुसती नावे छापून पाहावीत आणि ती यादी जाणत्या व्यक्तीला दाखवावी. कामाच्या ठिकाणच्या सर्व्हरवर स्टॅकचा आकार किंवा रिकर्शनची मर्यादा स्वतःहून बदलू नये, ते सिस्टीम ॲडमिनचे काम आहे, कारण तो बदल दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमांनाही लागू होऊ शकतो.

डेटाबेसमध्येही हाच दोष येतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रिकर्सिव्ह क्वेरी मुळात १०० फेऱ्यांनंतर थांबवली जाते आणि ट्रिगरने (बदल झाला की आपोआप चालणाऱ्या कोडने) दुसरा ट्रिगर उठवण्याची साखळी ३२ पातळ्यांवर तोडली जाते. चालू व्यवहारांच्या टेबलवर हा संदेश दिसला तर मर्यादा उठवून पाहण्याचा मोह टाळावा आणि डेटाबेस सांभाळणाऱ्याला लगेच कळवावे. बाहेरून आलेला मजकूर वाचणारे रिकर्सिव्ह फंक्शन कोसळत असेल, तर कोणी मुद्दाम हजारो कंसांत कंस घालून पाठवले असण्याची शक्यता आहे. ते सुरक्षेचे प्रकरण असल्यामुळे एकट्याने गुपचूप दुरुस्त करू नये. कोसळण्याची जागा आपल्या कोडमध्ये नसून लायब्ररीच्या आत असेल आणि आठही तपासण्या झाल्या असतील, तेव्हाही वरिष्ठाकडे जावे.

जाताना तीन गोष्टी सोबत न्याव्यात: दोष दाखवणारे लहानात लहान इनपुट, पाचव्या तपासणीतल्या शेवटच्या वीस ओळी, आणि आतापर्यंत काय काय बदलून पाहिले त्याची यादी. ती यादी विद्यार्थी हमखास विसरतात, आणि मी सर्वांत आधी तीच मागते.